मिठाचा आवाज

भुतंखेतं वगैरे थेरं मला कधी मानवली नाहीत. आमच्या निडी गावच्या शेतात वालाची राखण करत मी लहानाचा मोठा झालो, अंधाराला भ्यायची सवय तिथेच मोडली. उरलीसुरली भीती इंजिनिअरिंगने काढली. तरी आता जे सांगतोय ते मला अजून पचलेलं नाही.

रोह्याहून पेणला बदली झाली तेव्हा मी चिडलेलोच होतो. सरकारी वीजखात्यातलं माझं काम सांगायला सोपं. लाइन पडू द्यायची नाही, आणि पडलीच तर का पडली ते वरच्यांना सांगायचं. वादळवाऱ्यात पडली तर कुणी काही म्हणत नाही. पण खाडीकडच्या गावांची लाइन पडायची हिवाळ्यात, चांगल्या कोरड्या दिवसांत, आणि तीही पहाटे. पाण्याची मोटर बंद, डोलवीच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला निघालेली माणसं अंधारात चपला शोधतायत, आणि फोन माझ्या उशाशी. मोबाइल नुकते आले होते, त्यामुळे शिव्यासुद्धा ताज्या ताज्या मिळायच्या.

कारण मला ठाऊक होतं. खाडीचा वारा मिठागरांवरून येताना मीठ घेऊन येतो आणि ते इन्सुलेटरवर बसतं. इन्सुलेटर म्हणजे खांबावरचा तो चिनीमातीचा तुकडा, जो तारेतली वीज खांबात उतरू देत नाही. पहाटे दहिवर पडलं की मीठ ओलं होतं आणि वीज त्या ओलीवरून वाट काढते. आधी चरचर, मग निळसर ठिणग्या, मग लाइन बंद. रबरासारखे नवे इन्सुलेटर आले होते, ते बसवले की काम झालं. सगळ्यात वाईट खांब कुठला ते बघायला मी आमच्या वायरमनला घेऊन एका पहाटे खाडीच्या बांधावर गेलो.

हा वायरमन त्याच गावचा, पन्नाशीला आलेला आणि महाबडबड्या. त्या दिवशी मात्र एका खांबाच्या अलीकडे त्यानं माझं मनगट धरलं.

"थांबा साहेब," तो हळूच म्हणाला. "आये बोलतेय."

खांबाखाली एक म्हातारी, सगळ्या गावाची आये, उकिडवी बसली होती. वरून दहिवर ठिबकू नये म्हणून डोक्यावर रिकामी टोपली उपडी धरलेली. वर इन्सुलेटर चरचरत होता आणि ती खालून त्याच्याशी बोलत होती. कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली. तुझ्या बहिणीला दिवस गेलेत. बांधाला भोक पडलेला, तो काकानं बुजवला. मधेच गप्प व्हायची. वरची चरचर वाढली की मान हलवायची, "व्हय, व्हय," म्हणायची आणि पुढे सुरू.

वायरमननं मला बाजूला घेऊन सांगितलं. तिचा मुलगा आमच्याच खात्यात वायरमन होता. एका वादळानंतर लाइन रीतसर बंद करून तो याच खांबावर चढला. कुणाच्या तरी घरचं जनरेटर सुरू होतं, त्याची वीज उलटी तारेवर आली आणि तो जागीच गेला. कुणाचं जनरेटर ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या हिवाळ्यात खांबातून आवाज यायला लागला, तेव्हापासून म्हातारी मिठागरावर कामाला जाताना इथे बसते. ऊन चढलं की आवाज थांबतो, मग ती उठते.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि मी घाबरलो की खेकसतो, ही खोड माझ्या बायकोला चांगली माहीत आहे.

"आजी, इथं बसायचं नाही," मी म्हणालो. "वरून तार तुटली म्हणजे?"

"तुटंल कशी? तो हाय ना वर."

"वर कुणी नाही. मीठ आहे. मीठ ओलं झालं की असा आवाज येतो, बस."

ती रागावली नाही. टोपली खाली ठेवून तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "मीठ कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?"

"आमच्या आगराचाच ना? त्यानं नि मी मिळून काढलेला. मग आवाज दुसऱ्या कुणाचा असंल रं बाबा?"

मी वायरमनकडे बघितलं, तो खाडीकडे बघत होता. नवे इन्सुलेटर बसणार, मग हा आवाज यायचा नाही, हे तिला मलाच सांगावं लागलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बाकीचे बदल. ह्यो एक ठेव."

"एक कच्चा राहिला तर त्याच्यापायी सगळी लाइन पडते, आजी. गावाचं पाणी बंद होतं."

"लाइनीसाठीच जीव गेला त्याचा," ती म्हणाली. "लाइनीनं त्याला एक खांब दिला तं काय बिघडंल?"

तो खांब काही मी सोडला नाही. सोडला असता तर पुढच्या एखाद्या पहाटे बिघाड शोधत कुणीतरी पोरगा त्याच खांबावर चढला असता, आणि त्यालाही आई असतीच. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं, आजही सांगतो. ते खरं आहे.

बदलायच्या दिवशी ठेकेदाराची माणसं त्या खांबापाशी आली आणि घुटमळली. एकाला तहान लागली, एकाचा पट्टा ढिला झाला. शेवटी आमचा वायरमनच पाया पडून वर चढला. जुने इन्सुलेटर एकेक करून दोरीनं खाली आले. मी हात लावला, तर बोटांना खरखरीत पांढरा थर लागला. म्हातारी त्या दिवशी तिकडे फिरकली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेलो. काम तपासायला जातोय, असं घरी सांगितलं. खोटं, साफ खोटं. भरपूर दहिवर पडलं होतं, तारा ठिबकत होत्या, आणि लाइन एकदम मुकी. म्हातारी आली. मला बघितलं न बघितल्यासारखं करून खाली बसली, टोपली डोक्यावर घेतली आणि बोलायला लागली. कोंबडीनं पिल्लं काढली. थांबली. वर बघितलं. पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. पिल्लं काढली रं कोंबडीनं. खाडीवरून एखादा बगळा जरी ओरडला असता तरी मला चाललं असतं, इतकं ते गप्प होतं.

बऱ्याच वेळानं ती उठली. मी पुढे झालो, "आजी..." एवढंच तोंडातून निघालं.

"हलू बोल," ती म्हणाली. "निजलाय तो."

आणि पदरानं तोंड पुसत मिठागराकडे चालू लागली. त्यानंतर ती खांबाखाली कधी बसली नाही.

त्या हिवाळ्यात लाइन एकदाही पडली नाही. वरच्यांनी शाबासकी दिली, गावानं नारळ दिला. बायको म्हणाली, एवढं चांगलं झालं तर तोंड का उतरलंय? नंतर माझी परत रोह्याला बदली झाली, तिथेही दर हिवाळ्यात सकाळी फिरायला जाताना तारांखाली माझे पाय आपोआप थांबायचे. बायको थट्टा करायची, "तारांतून काय पगार गळतोय?" चरचर ऐकू आली की माझी मान वर जायची आणि नाही आली तर त्याहून वाईट वाटायचं. नको म्हटलं तरी म्हातारी आठवायची, टोपली डोक्यावर घेऊन तेच तेच सांगणारी.

पुढे काही वर्षांनी पेणची सगळी जबाबदारी पुन्हा माझ्याकडे आली. वायरमन तोवर निवृत्तीला टेकला होता. हिवाळ्याच्या तोंडाला त्याचा फोन आला. म्हातारी मागच्या पावसाळ्यात गेली, असं त्यानं सांगितलं. मग जरा चाचरला.

"साहेब, तो खांब परत चरचरतोय. माणसं घेऊन धुवायला गेलो, तर गाववाले नको म्हणतात."

"का?"

"आता दोघं बोलतात म्हणतात."

"दोघं कुठले? दोन इन्सुलेटर खराब झाले असतील," मी खेकसलो. "रबरावरही मीठ चढतंच की."

"तसंच असंल, साहेब. तरी तुम्ही एकदा या. मग धुवू."

मी गेलो. लाइन बंद करून धुवायचं सगळं सामान बांधावर तयार होतं, माणसं विड्या ओढत लांब बसली होती. खांबावर खरोखर दोन ठिकाणी चरचरत होतं, मधल्या इन्सुलेटरवर आणि कडेच्या. मधला जाड घोगरा, कडेचा बारीक. एक थांबला की दुसरा सुरू व्हायचा. का ते मला पाठ आहे, कुणालाही समजावून देऊ शकतो. मी ती जिथे बसायची तिथे खाली बसलो. दहिवर डोक्यावर ठिबकत होतं, सरकावंसं वाटलं नाही.

ऊन चढलं. आधी जाड आवाज थांबला. बारीक थोडा वेळ एकटाच चालू राहिला, मग तोही विरला. वायरमन मागून आला आणि त्यानं नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "साहेब, लाइन बंद करायला सांगू का? घेऊ धुवायला?"

"हळू बोल," मी म्हणालो.