अक्षरं काय करत्यात?

मेटकरी ताईंच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला ‘या, बसा’ ऐकू यायचं नाही. आधी एक मऊ चेंडू अंगावर यायचा. माणूस तो कसा झेलतो, मान कुठे वळवतो, एक डोळा मिटतो का, हे त्या दारातच पाहून घेत. मी दचकून बाजूला झालो, तर म्हणाल्या, “चेंडू हाय सर, शिक्षणाधिकारी न्हाई.” मी रहिमतपूरला मराठी शिकवतो एवढंच फोनवर सांगितलं होतं. पहिल्याच भेटीत, तेही लेकीसमोर, माझी फिरकी घेणारी ही बाई मला मुळीच आवडली नाही.

ताई मूळच्या आटपाडीच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका चष्म्याच्या दुकानावर खोली घेतली होती. नंबर काढणं हे त्यांचं मुख्य काम नव्हतं. दोन्ही डोळ्यांना मिळून काम करायला त्या शिकवत. “दोन डोळं म्हंजे दोन जावा,” त्या म्हणायच्या. “दोघी कामाच्या असून भागत न्हाई. एका चुलीवर नांदाय पायजेत.”

माझी सई तेव्हा चौथीत होती. वाचताना ओळी गाळायची, दहा मिनिटांत डोकं दुखतं म्हणायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर नाही असं सांगितल्यावर मी आळसाचं निदान करून मोकळा झालो. मराठीच्या मास्तरची मुलगी आणि तिला मराठी वाचता येत नाही, ही मला माझीच नामुष्की वाटायची. रोज संध्याकाळी ओरडायचो. एकदा तर तिचं पुस्तक भिरकावलं. शेवटी त्याच डॉक्टरांनी पुन्हा तपासून आम्हाला ताईंकडे पाठवलं.

मुलांना ‘दिसतं का?’ असं ताई कधी विचारत नसत. “पोरं व्हय म्हंत्यात. त्यास्नी वाटतं, समद्यास्नी आसंच दिसतं.” पुस्तक उघडून त्यांनी सईला विचारलं, “अक्षरं काय करत्यात गं?”

सई पटकन म्हणाली, “आधी नीट उभी असतात. मग एकमेकांच्या अंगावर जातात.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“सगळ्यांचीच जातात ना, पप्पा?”

जवळचं पाहताना तिचे डोळे एका जागी टिकत नाहीत, हे ताईंनी मला कागदावर काढून समजावलं.

उपाय दिसायला साधा होता. दोऱ्यात तीन रंगीत मणी, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाशी, आणि दोन्ही डोळे एकेका मण्यावर आणून टेकवायचे. मोठी माणसंही येत. अपघातानंतर सगळं दोन-दोन दिसणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांना ताई म्हणाल्या, “मेव्हणं दोन दिसलं तर सोसंल, पर एश्ट्या दोन दिसून चालायचं न्हाई.” मात्र ज्याची अडचण डोळ्यांची नाही त्याला त्या सरळ दुसरीकडे पाठवत. “डोळ्याचं मी बगते. मार्काचं मला इचारू नका,” हे प्रत्येक आईबापाला ऐकावंच लागे.

गेल्या वर्षी खोली आवरून ताई आटपाडीला परतल्या. तिकडच्या पोरांना सांगली लांब पडते म्हणाल्या. सईचं वाचन आठेक महिन्यांत बरंच सुधारलं होतं. पण ताई म्हटलं की मला आठवते ती आमची चौथी खेप.

तोवर काहीच फरक नव्हता. सई घरी दोरा लपवून ठेवायची, आणि मी घड्याळ घेऊन तिच्या डोक्यावर उभा राहायचो. ताईंनी तिला दोन-चार गोष्टी विचारल्या आणि मला म्हणाल्या, “सर, पोरगी दोऱ्याला भीत न्हाई. तुमाला भितीया.”

मी उसळलो. ताईंनी शांतपणे एक जाड काचांचा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि सईचं पुस्तक हातात दिलं. “वाचा. मोठ्यानं.”

एका ओळीच्या दोन झाल्या होत्या आणि दोन्ही हलत होत्या. ज्या पुस्तकातलं पान न् पान मला पाठ असायला हवं, त्यात मी तिसऱ्याच शब्दाला अडखळलो.

“सोपं तर आहे. लक्ष कुठंय? पुन्हा वाच,” ताई म्हणाल्या. शब्द माझे होते, चालही माझीच होती. सईने सगळं सांगितलं असणार. मी पुन्हा वाचलं, ओळ चुकली. कान तापले.

“वाचायचंच नाही असं ठरवलंयस काय?”

सई बाकावरून उठली. तिने ताईंचा हात धरला. “ताई, पप्पांना वरडू नका. त्यांना येतंय वाचायला. दिसंना झालंय त्यांना.”

मी चष्मा काढला. इतके दिवस मी तिला जे म्हणायला हवं होतं, ते ती माझ्यासाठी म्हणत होती. मला भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिची माया वाटली. तिला जवळ घेतलं खरं, पण मराठीच्या मास्तरला त्या वेळी ‘चुकलो गं’ याच्यापुढे एक शब्द सुचला नाही.