जावयानं बघून दिलेला कॉम्प्युटर

बारामतीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात मुलांना घसा कोरडा करून सांगते, की लाल सूचना आली तर वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा. आणि कोऱ्हाळ्याला आमच्या घरी कॉम्प्युटरला, ईमेलला, बहिणीच्या खात्याला, सगळ्याला पासवर्ड एकच : नरसिंहपूरच्या आमच्या कुलदैवताचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. देवाचं नाव घालून सुरुवात केली की मशिन नीट चालतं, असं आबांचं, माझ्या वडिलांचं म्हणणं. मी हसायचे आणि सोडून द्यायचे.

आई गेल्यापासून घर वहिनीच चालवत होती. घरात आबा, दादा, वहिनी, आणि गेल्या उन्हाळ्यापासून माझी धाकटी बहीण. ती इंदापूर तालुक्यातल्या सासरहून मार खाऊन परत आली होती. हे स्थळ वहिनीच्या माहेरच्या गावातलं, तिच्याच वडिलांनी सुचवलेलं. हे आम्ही कुणी बोलून दाखवत नव्हतो, पण विसरलोही नव्हतो.

त्यातच अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं की नाही यावर घरात वाद झाला. मी कडाडून विरोध केला. आबा म्हणाले, अधिकात जावई उपाशी ठेवला तर पुन्हा समेटाचं तोंड राहणार नाही. बोलावलं. तो आला, पुरणाचे धोंडे खाल्ले, चांदीचं निरांजन घेतलं, अगदी गरीब गाईसारखा वागला. लोणी देवकरच्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. जेवणानंतर त्याला परकं वाटू नये म्हणून आबाच म्हणाले, "जावईबापू, आमचं मशिन लई हळू झालंय, बघा जरा." दीड तास तो बसला होता. मध्ये स्क्रीनवर काहीतरी लाल आलं तर त्यानं आबांना सांगितलं, ते असंच येतं, 'हो' करा. आबांनी चष्मा पुसून स्वतःच्या बोटानं 'हो' केलं. मी तिथंच शेजारी पानाला चुना लावत होते. रागानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

समेट काही झाला नाही. बहिणीनं वकिलाला ईमेल लिहायला सुरुवात केली. वकिलाला भेटायला बारामतीला गेलो, तर जावई ऑफिसच्या जिन्यात आधीच उभा. त्यानं बहिणीचा हात धरला, लोक जमले म्हणून सोडला. मग तिनं लांबच्या एका शाळेत नोकरीचा अर्ज पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत कुणीतरी फोन करून सांगितलं, की बाई वेडी आहे, उपचार चालू आहेत. बहीण जेवेनाशी झाली. रात्रंदिवस तिला वाटायचं, हा आपल्याला भिंतीतून बघतोय. आम्ही तिला समजावायचो, असं काही नसतं म्हणून.

घरातलं बाहेर कोण सांगतंय? मी रविवारी आले आणि सगळ्यांसमोर वहिनीचा फोन मागितला. तिनं लगेच दिला. मी एकेक मेसेज वाचला, तिच्या बहिणीशी झालेल्या भाजीच्या गप्पासुद्धा. काही सापडलं नाही. मी म्हटलं, पुसून टाकलं असेल. दादा खाली मान घालून बसला. मग मीच अक्कल चालवली आणि वहिनीला बजावलं, महिनाभर माहेरशी एक शब्द बोलायचा नाही, फोन आला तरी उचलायचा नाही, म्हणजे कळेल बातमी कुठून जाते ते.

तिनं ते पाळलं. त्या महिन्यात काही फुटलं नाही. मला केवढं समाधान वाटलं होतं, ते आठवलं की आज स्वतःचीच शिसारी येते. बातमी फुटली नाही याचं कारण साधं होतं : बहीण इतकी घाबरली होती, की त्या महिन्यात कॉम्प्युटरपुढं बसलीच नव्हती.

महिना संपत आला आणि वहिनीच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वहिनी दोन दिवस जाऊन आली. आल्यावर तिनं फोन बंद करून कपाटात टाकला आणि कामाला लागली. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

पुढच्याच आठवड्यात बहिणीनं धीर करून दुसऱ्या शाळेला अर्ज केला. तिथंही फोन गेला. वहिनीचा फोन कपाटात बंद पडलेला. तेव्हा कुठं माझी नजर त्या मशिनकडं वळली.

शोधायला दहा मिनिटं लागली. अँटिव्हायरसच्या यादीत एका फोल्डरला कायमची सूट दिलेली होती, नाव प्रिंटरचं वाटावं असं, तारीख धोंड्याच्या जेवणाची. बटणावर पडलेलं प्रत्येक अक्षर, दर थोड्या वेळानं स्क्रीनचा फोटो, सगळं बाहेर जात होतं. मी इंटरनेटची वायर उपटली. वकिलाला विचारून आधी पुरावा म्हणून सगळ्याचे फोटो काढले, मग कॉलेजातून आणलेल्या पेन ड्राइव्हवरून मशिन तपासलं, आणि शेवटी विश्वास राहिला नाही म्हणून सगळं पुसून नव्यानं बसवलं. माझ्या फोनवरून प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलला. आबा शेजारी बसून होते. मधूनच आपलं बोट बघत होते. म्हणाले, "म्या दाबलं व्हय गं ते." त्या दिवशी शेजारी तर मीच होते.

बहिणीला पुढं नोकरी लागली. कुठं, ते आम्ही आजही कुणाला सांगत नाही.

मशिन पुसलं त्याच दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले होते. वहिनी लसूण सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं, चुकले म्हणाले, पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. मग तिनं शांतपणे विचारलं, त्या मशिनात नेमकं काय काय साठत होतं. मी म्हटलं, माणूस जे जे लिहील ते सगळं, पुसलेलंसुद्धा.

तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत सारल्या.

"वन्सं," ती म्हणाली, "आईनं त्या महिन्यात रोज फोन केला. म्या उचलला न्हाय. तिला काय सांगायचं हुतं, ते कुठं निघतंय का बघा."