हिरवा कोट आणि मोठे दाजी

माझ्या ताईचा साखरपुडा अमेरिकेतल्या एका गोल्फ स्पर्धेमुळे मोडता मोडता राहिला. चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावात गोल्फ कोणीच खेळत नाही, त्यामुळे दोष दुसऱ्यावर ढकलायचीही सोय नव्हती. तो माझाच होता.

ताईसाठी ठरलेला मुलगा, अमोल, नाशिकला गोल्फच्या मैदानावर गवताची देखरेख करतो. नाना, म्हणजे माझे वडील, मला म्हणाले, "घरात कॉलेजात जाणारा तू एकटा. पाव्हण्यांसमोर आपण अडाणी दिसायला नको. त्या खेळाचं काहीतरी वाचून सांग."

मी (धुळ्याच्या होस्टेलवर, अगदी मन लावून) वाचलं आणि सांगितलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला हिरवा कोट मिळतो. मागच्या वर्षीचा विजेता तो नव्या विजेत्याच्या अंगावर चढवतो. सगळ्यात यशस्वी खेळाडू सहा वेळा जिंकला, त्याच्या खालचा पाच वेळा. नानांनी खेळाडू सोडले आणि कोट पकडला! नवरदेवासाठी हिरवागार कोट शिवून आला.

"अन् आपला मागचा विजेता कोण?" नाना खुशीत म्हणाले. "मोठे जावई! तेच नवरदेवाला घालतील."

हे मोठ्या जावयांना, म्हणजे थोरल्या अक्काच्या नवऱ्याला, आमच्या दाजींना, कोणीच सांगितलं नाही.

साखरपुड्याच्या मांडवात कोट ताटातून बाहेर निघाला. आत्या ओरडली, "हाई काय शे? नवरदेवनी ओटी भरनी शे का?" बायका हसल्या. अमोलचे वडील, आबा, हसले नाहीत.

"जावईबापू, या. कोट घाला," नाना म्हणाले. दाजी लाजत पुढे आले आणि त्यांनी स्वतःचाच हात बाहीत घातला!

"तुम्ही नाही हो! अमोलला घाला!"

दाजींनी हात बाहेर काढला. "मन्हा लगीनमा माले कोट नही. अन् आते मीच याले घालू?" असं म्हणून ते थेट मोटरसायकलवर जाऊन बसले. हेल्मेटसुद्धा घातलं. "चल गं, निघू!" अक्का रडायला लागली.

आबा नानांकडे वळले. "मोठ्या जावयाचा हा मान असेल, तर आम्हाला विचार करावा लागेल."

दारातून ताई फक्त माझ्याकडे पाहत होती. नानांनी मला पुढे ढकललं. "तूच सांगितलं, तूच निस्तर!"

मी घाईघाईनं म्हणालो, "आबा, दाजींची गरजच नाही. तिकडे एकजण लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकला, तेव्हा त्यानं कोट स्वतःच घातला..."

"दुसऱ्यांदा?" आबा उभे राहिले. "आमच्या पोराचं आधी एक लग्न झालंय, असं म्हणतो का तू?"

"नाही, नाही! तो तर एकूण सहा वेळा..."

"सहा!"

आबा आपल्या मंडळींना म्हणाले, "चला, नारळ उचला."

तेवढ्यात अमोल उठला. कोट घेऊन मोटरसायकलपाशी गेला. "दाजी, मी मैदानावर गवत कापतो. मला तिथे कोण कोट देणार? या घरी आधी तुम्ही जिंकलात. आधी तुम्ही घाला, मग मला घाला."

दाजींनी हेल्मेट काढलं. कोट चढवला. बटण पोटापाशी येऊन थांबलं. गाडीच्या आरशात त्यांनी स्वतःला नीट पाहिलं.

"बरा शे," ते म्हणाले, आणि मांडवात परत आले.

कोट काही त्यांनी काढला नाही! साखरपुडा झाला, नवरदेव नुसत्या शर्टात, दाजी हिरव्या कोटात. आबांनी स्वतः त्यांना पेढा भरवला.

आता लग्न जवळ आलंय. मला एकच काम दिलंय, पंगतीत पाणी वाढायचं. नानांनी बजावलंय, "अन् कोणी पाण्याविषयी विचारलं, तर माहिती सांगू नको!"