सुमनचं पॅकिंग

लग्नपत्रिका हातात आली की सुमन, माझी बायको, ती आधी वाचत नसे. दोन बोटांत धरून चोळून बघे. पत्रिका द्यायला आलेला माणूस अजून खुर्चीला टेकलेलाही नसे. त्यालाच म्हणे, "कांबळेभाऊ, जाड आहे. पोरगी चांगल्या घरी पडली म्हणायची." लग्न उरकलं की पत्रिका शिवणाच्या डब्यात. तिच्यातून आमच्या स्कूटरचं पॅकिंग निघायचं.

क्लचच्या झाकणाखाली कागदाचं पॅकिंग असतं. ते गेलं की ऑइल गळतं. बाजारात आमच्या स्कूटरचे पार्ट मिळेनासे झाले होते. मी खडकीला कारखान्यात कामगार, झाकण खोलणं माझ्याकडे. ती झाकणावर पत्रिका दाबायची, काळी कड उमटली की ब्लाउज बेतावा तशी कापायची. मी घाई केली की म्हणायची, "अहो, ताकद लागली की हाक मारीन. तोवर गप्प बसा."

पुढे पत्रिका मोबाईलवर यायला लागल्या. "आता काय मोबाईल कापू?"

संदीपने, आमच्या मुलाने, खराडीत फ्लॅट घेतला. कॉम्प्युटरची नोकरी. फोनवर म्हणाला, "आई, कॅब पाठवतो. स्कूटर नको. पार्किंगमध्ये ऑइल पडलं की सोसायटीवाले मला बोलतात." तेव्हा सुमनच्या दुखण्याला उपाय उरला नव्हता. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"पोराच्या घरी भाड्याच्या गाडीतून जायचं? गळती काढा, मग जाऊ."

डब्यातली शेवटची पत्रिका तिने काढली. थोडं कापायची, आडवी व्हायची, परत कापायची. मी झाकण बसवलं. रात्री स्कूटरखाली अंथरलेला पेपर सकाळी कोरडा होता. "हं," म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

खराडीला पोचलो. संदीप खाली आला. इंजिन तापलेलं. पांढऱ्या फरशीवर थेंब पडला. मी पाहिला, तिनेही पाहिला. तिने त्यावर चप्पल ठेवली.

"आई, वर चल ना. लिफ्ट आहे."

"इथं वारा बरा आहे."

"अगं, घर तरी बघ!"

"बघेन रे. तू चहा खाली आण."

सीट धरून तिने उभ्यानेच चहा घेतला. पाय हलवला नाही. मग मला म्हणाली, "अहो, काढा गाडी." फरशी चपलेने पुसली आणि मागे बसली.

त्यानंतर महिनाभरही ती राहिली नाही.

संदीप अजून विचारतो, "बाबा, आई माझ्यावर रागावली होती का?" मी नाही म्हणतो. चपलेखालच्या थेंबाचं तोंडातून निघत नाही.