काच बसवण्याआधी

श्री. मुकुंद वामन आठल्ये यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नावही विचारलं नाही. हडपसरच्या बाजूला एका कारखान्यात मी ड्रॉइंग विभागात नवा लागलो होतो आणि सर त्या विभागाचे प्रमुख होते. मी काढलेला पहिला आराखडा त्यांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, नीट पाहिला आणि म्हणाले, "रेघ सरळ आहे. तुम्ही वाकडे बसता. दहा वर्षांनी पाठ धरेल." पाठ आठव्या वर्षीच धरली. सरांचा अंदाज चुकल्याचं मला आठवणारं एवढंच एक उदाहरण.

सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विमानांबद्दल मी लिहावं, असं संपादकांनी सांगितलं. विषय माझ्या आवडीचा आहे. तरी लिहायला बसायला मला दीड महिना लागला. त्याचं कारण पुढे येईल.

कारखान्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असे. सरांचा डबा दहा मिनिटांत संपायचा. मग टेबलाच्या खालच्या खणातून एक चपटा पत्र्याचा डबा निघायचा आणि त्यात एखाद्या विमानाचा पंख किंवा शेपूट असायची. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी विमानं; अख्खं विमान तळहातावर मावेल अशी. विमानाच्या सुट्या भागांचे परदेशी संच तेव्हा क्वचित हाती लागत आणि लागले तरी त्यातलं निम्मं सरांना पटत नसे. ते निम्मं स्वतः घडवायचे. बंदुकीची नळी इंजेक्शनच्या सुईची, इंधनाची नळी पेनच्या रिफिलची. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा भाबडेपणाने विचारलं, "सर, हे उडतं का?"

"नाही," सर म्हणाले. "तुम्ही तरी कुठे उडता?"

त्याच रविवारी मी वारज्याहून सायकल मारत कोथरूडला त्यांच्या घरी गेलो आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं जात राहिलो.

सरांच्या घरी दोघंच, ते आणि सुनंदावहिनी. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघंही बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. समोरच्या खोलीत काचेची तीन कपाटं, त्यात दीडशेच्या वर विमानं, आणि खिडकीखाली सरांचं टेबल. त्या टेबलाचा एक नियम होता, तो सांगितल्याशिवाय या माणसाची ओळख पुरी होणार नाही.

विमान बांधताना आधी कॉकपिट करतात, म्हणजे वैमानिकाची बसायची जागा. आसन, दांडा, घड्याळांसारख्या तबकड्या. नखाएवढ्या जागेत हे सगळं. सर तिथे तीन-तीन आठवडे घालवत. त्यावर शेवटी पारदर्शक काच बसते आणि ती एकदा बसली की आतलं धड दिसत नाही. म्हणून सरांचा दंडक असा, की काच बसवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी आत डोकावून पाहायचं आणि एक चूक सांगायची. कौतुक चालत नसे. चूक सांगितली की सर ती दुरुस्त करत आणि मगच काच बसे. हे काम बहुतेक वेळा वहिनींचं. त्या कणीक मळता मळता हात धुऊन यायच्या, भिंग डोळ्याला लावायच्या आणि म्हणायच्या, "अहो, हा पट्टा असा मुडपलाय, त्याच्या पोटाला टोचेल." सर मुकाट्याने चिमटा उचलायचे.

एकदा माझी आई माझ्याबरोबर आली होती. वारज्याला आमची शेती होती तोवर तिचं आयुष्य बांधावर गेलं. विमान तिने आकाशात सोडून कुठे पाहिलेलं नव्हतं. सरांनी तिच्याही हातात भिंग दिलं. तिने पुष्कळ वेळ पाहिलं आणि विचारलं, "हितं मानूस बसतोय व्हय? मग पाय कुटं ठिवायचं त्यानं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र उठून उभे राहिले. विमानात पायाशी दोन पायटे असतात, शेपूट वळवायला. ते करायचे सर विसरले होते आणि आम्हा पाच-सहा तज्ज्ञ मंडळींपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्याबरोबर निरोप धाडला, "आईंना सांगा, पायांची सोय झाली आहे." आई हे जन्मभर सांगत राहिली.

सरांच्या नोकरीतल्या सचोटीबद्दल या ग्रंथात इतर जण लिहितीलच. मी एकच प्रसंग सांगतो, कारण तो माझ्या अंगावरचा आहे. माझ्या एका आराखड्यात भोकाचं माप चुकलं आणि तसेच चुकीचे भाग तयार होऊन आले. वरिष्ठांच्या बैठकीत मी घाम पुसत उभा. सर म्हणाले, "तपासणाऱ्याची सही माझी आहे. जे विचारायचं ते मला विचारा." बाहेर आल्यावर मी आभार मानायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. "चूक तुमची. न पाहता सही केली, ही माझी. माझी मोठी." त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी पुरतं न पाहता कशावर सही केली नाही, अगदी रजेच्या अर्जावरसुद्धा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही विमानवाले सरांकडे जमत असू. वहिनींचे पोहे, सरांचे टोमणे आणि गोंदाचा वास. मग एकेक जण पांगला. कुणाची बदली झाली, कुणाचे डोळे गेले, कुणाची हौस फिटली. फोनवर ग्रुप निघाला तेव्हा आम्हाला वाटलं, बरं झालं, आता रोजच भेटू. आणि झालं उलटंच. मीही त्यातच आलो. वारजे ते कोथरूड अंतर ते किती! पण उड्डाणपूल झाला, गाडी आली आणि माझं जाणं मात्र सुटलं. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

पाच वर्षांपूर्वी वहिनी आजारी पडल्या आणि पाच महिन्यांत गेल्या. तेराव्याला आम्ही सगळे होतो. नंतर सर ग्रुपवर विमानांचे फोटो टाकत राहिले, म्हणून आम्हाला वाटलं, सर सावरले. मीही 'वा सर!' लिहून मोकळा व्हायचो.

या वर्षी अमृतमहोत्सवाची सुरुवात म्हणून विमानांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि सरांकडून विमानं आणण्याचं काम माझ्याकडे आलं. सरांनी कपाटं उघडून दिली. फक्त म्हणाले, "शेवटच्या खणातली नकोत." मी डोकावलो. खणात अकरा विमानं होती, रंगवून पूर्ण झालेली, पण एकालाही काच नव्हती. प्रत्येकाची काच शेजारी एका काड्यापेटीत, वर चिठ्ठी लावलेली. मला वाटलं, सरांचा हात आता थरथरतो, काच बसवायला भितात आणि ते लोकांना दिसू नये म्हणून नको म्हणतात. मला भरून आलं. आणि माणसाला भरून आलं की तो हमखास आगाऊपणा करतो. सर आत गेल्यावर त्यातलं पहिलं, सगळ्यात देखणं विमान मी खोक्यात घातलं. एकामागे एक दोघांनी बसायचं जुनं शिकाऊ विमान. म्हटलं, काच आपण बसवू, सरांना आनंद होईल.

प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं. वेळ नव्हता म्हणून मी झटपट चिकटणारा गोंद वापरला. हा छंद असलेला कुणीही सांगेल, की तो गोंद काचेजवळ न्यायचा नसतो. त्याच्या वाफेने काच पांढरी पडते. तिथे सुताराचा पांढरा गोंद लावायचा आणि धीर धरायचा. हे मला सरांनीच शिकवलं होतं. सकाळी पाहिलं तर काच दुधासारखी झालेली. तरी मी ते विमान मांडलं, मागच्या रांगेत.

सर एकेक टेबल पाहत आले आणि त्या विमानापाशी थांबले. वाकून पाहिलं. म्हणाले, "आज धुकं दिसतंय." सगळे हसले. सरांनी विमान उचललं आणि परत खाली ठेवलं नाही. शाल घालताना, श्रीफळ देताना, चार भाषणं होईपर्यंत ते त्यांच्या मांडीवर होतं. भाषणांत एक मी केलं. त्या सभागृहात शंभर माणसं होती आणि सर इतके एकटे मी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. बेल दाबली, वाजली नाही. दार ठोठावलं. सरांनी उघडलं तेव्हा मी म्हणालो, "सर, बेल बंद आहे."

"असं? मलाही आत्ताच कळतंय." स्वयंपाकाच्या बाईंकडे किल्ली असते. दुसरं कुणी येतच नव्हतं.

विमान टेबलावर होतं. मी क्षमा मागितली. सर म्हणाले, "काच घासता येते, त्याचं काही नाही. बंद करण्याआधी आत पाहिलंत का?"

"नाही, सर."

"मग बंद कशाला केलंत?"

सर खिडकीकडे पाहत म्हणाले, "हे तिला दाखवायचं होतं. उद्या बघते म्हणाली, आज डोळे जड आहेत. म्हणून उघडं होतं."

"आणि नंतरची दहा?"

"नंतर कोण बघणार?"

"सर, आम्ही ग्रुपवर फोटो..."

"हो. अंगठे येत होते तुमचे."

दोन दिवस दुपारभर आम्ही ती काच सोडवत बसलो. पात्याचं टोक फटीत घालून केसभर सरकवायचं, थांबायचं, पुन्हा सरकवायचं. सरांचा हात थरथरत नव्हता, माझा थरथरत होता. काच निघाली. मग टूथपेस्ट आणि मऊ फडकं घेऊन ती आतून-बाहेरून घासली, तेव्हा कुठे पलीकडचं दिसायला लागलं. सरांनी ती बाजूला ठेवली, विमान माझ्यापुढे सरकवलं आणि भिंग दिलं. "आलाच आहात, तर बघा आता."

मी पाहिलं. तबकड्यांवर पांढरे काटे होते. पायटे होते, ते पाहून मला आई आठवली. मागच्या आसनावर चंदेरी पट्टे, त्यांना बारीकशी बक्कल. पुढचं आसन नुसतंच होतं.

"सर, पुढच्या माणसाचे पट्टे राहिलेत."

सर म्हणाले, "पट्टे तिच्या गोळ्यांच्या स्ट्रिपचे करत होतो, मागच्या चंदेरी कागदाचे. मागच्या आसनाचे झाले. मग गोळ्या लागल्याच नाहीत."

माझ्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप होती. उरलेल्या चार गोळ्या काढून मी रुमालात बांधल्या आणि रिकामी स्ट्रिप टेबलावर ठेवली. सरांनी ती उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली, माझा पहिला आराखडा धरला होता तशीच.

"रोज घेता?"

"घेतो, सर."

"चुकवत नाही ना?"

"नाही."

"मग चालेल," सर म्हणाले आणि त्यांनी कात्री घेतली.

त्या विमानाची काच आता बसली आहे, पांढऱ्या गोंदाने, नियमाप्रमाणे. दहा अजून उघडी आहेत. सरांच्या सर्व स्नेह्यांना, शिष्यांना आणि या ग्रंथाच्या वाचकांना माझी विनंती आहे, की सरांकडे जाताना पुष्पगुच्छ नेऊ नका. कोथरूडला रविवारी दुपारी चारनंतर जा, भिंग मागून घ्या, आत पाहा आणि एक चूक सांगा. विमानातलं कळत नसेल तर फारच उत्तम. कौतुक या ग्रंथात पुष्कळ झालं आहे.

सरांच्या पलंगाखाली अजून न उघडलेल्या संचांची पन्नास खोकी आहेत, मी मोजली. वर्षाला दोन, हा त्यांचा हल्लीचा वेग. हिशोब शंभरीला जाऊन पोचतो आणि सरांचे अंदाज सहसा चुकत नाहीत. ती सगळी वर्षं त्यांना निरोगी मिळोत, नजर साफ राहो, हात असाच स्थिर राहो. बेल त्यांनी दुरुस्त केली आहे. दर वेळी काच बसवण्याआधी ती वाजो.