लेकीवर उडालेल्या नोटा

दोन हजार चारचा उन्हाळा. फ्रीमाँटला येऊन बरीच वर्षं झाली होती आणि आता अमेरिकेत आपल्याला कशाचाच धक्का बसणार नाही, असा माझा समज होता.

लेक तेरा वर्षांची. तिची शाळेतली जिवलग मैत्रीण सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या घरातली होती. मैत्रिणीच्या आजीकडे दर रविवारी जाऊन ती त्यांचा नाच शिकायची. भरतनाट्यमचा क्लास सोडून हे काय खूळ, म्हणून मी धुसफुसत असे. त्या लोकांच्या पार्कमधल्या कार्यक्रमात ती नाचणार होती; येईन, पण मागे बसेन, असं तिला बजावलं होतं.

पार्कमध्ये निलगिरीच्या झाडांखाली चटया अंथरल्या होत्या. सामोअन मंडळी पाहुण्यांना झावळ्यांच्या टोपल्या विणून दाखवत होती, कुठल्या पानाचं काय करतात ते हौसेनं सांगत होती. मीही एक टोपली विणली, ती वाकडी झाली.

मग लेक एकटी पुढे आली. कमरेला पानं, गळ्यात लाल माळ, दंडांना खोबरेल तेल चोपडलेलं. गुडघे किंचित वाकवून ती इतक्या संथपणे हात फिरवत होती की मी राग विसरले.

तेवढ्यात एक धिप्पाड काका नाचत तिच्याजवळ गेले आणि त्यांनी तिच्यावर डॉलरच्या नोटा उडवल्या. दुसऱ्या कुणीतरी एक नोट तिच्या तेलकट दंडावर चिकटवली. लोक आरोळ्या ठोकत होते. आमच्या गावच्या जत्रेत तमाशाच्या तंबूत बाईवर असे पैसे उडवतात, दौलतजादा म्हणतात त्याला. माझे वडील त्या रस्त्यानंसुद्धा आम्हाला जाऊ देत नसत. आणि इथे भर दुपारी माझ्या पोरीवर. नवरा कॅमेरा खाली घेत म्हणाला, "अगं थांब, आधी कुणाला तरी विचारू." मी कसली थांबतेय. तिला दंडाला धरून गाडीत घालायचं आणि हा नाच कायमचा बंद, एवढंच डोक्यात घेऊन मी तरातरा चटईवर गेले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मैत्रिणीची आजी मुद्दाम वेडेवाकडे हातवारे करत आमच्याभोवती नाचायला लागली. मी चक्रावून उभीच. लेकीने हात थांबवले नाहीत, पण तिचे डोळे भरून आले होते.

"आई, यू केम," ती हळूच म्हणाली. "घरचे लोक असे पुढे येऊन वेडंवाकडं नाचतात, नाचणारी उठून दिसावी म्हणून, फॉर रिस्पेक्ट. पैसेपण त्यासाठीच. मी आजींना सांगितलं होतं, माझं कोणी पुढे येणार नाही."

तिला ओढायला पुढे केलेला माझा हात तसाच हवेत राहिला. आजीने त्यात एक नोट कोंबली. नाच तर मला अजिबात येत नाही. मी ती नोट लेकीच्या डोक्यावरून ओवाळली आणि उडवली.