फुकटच्या सॉफ्टवेअरपायी ताटावरून उठले

वाढलेली ताटं तशीच सोडून माझी दोन्ही पोरं आज उठली. आता घरच्या ग्रुपवरच्या सगळ्यांला राम राम.

थोरला नांदेडात कम्प्युटरचा क्लास चालवतो, धाकटा लातुरात. दोघांकडंही पोरं येईनात. म्हणून दोन्ही मिळून लातुरात एकच क्लास करू, असं ठरवायला थोरला आज आला होता.

पहिल्या घासालाच वाद. प्रोग्राम लिहायला थोरल्याला नेटबीन्स पाहिजे, धाकट्याला एक्लिप्स. कॉलेजापासूनचं भांडण हाय हे.

"तुझं उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो," थोरला म्हणला.

"आन् तुझं आता वापरतंय कोण, दादा?"

धाकट्याची पोरगी म्हणली, "मोठे बाबा, कॉलेजात आम्ही तिसरंच वापरतो."

"तू गप!" दोघंही एकदम वरडले. दिवसभरात तेवढंच एकमत झालं.

मला त्यातलं काही कळत न्हाई. पण ज्यांनी ते बनवलं, त्यांनी सगळ्या जगाला फुकट वाटलं म्हणं. आन् माझ्या पोरांला त्याच्यापायी एका पंगतीला बसवंना. समजूत काढून काढून मी लई थकले.

क्लास एक करायचा का न्हाई, ते ह्या दोघांनीच इथं लिहावं. सुनांनी आन् पाव्हण्यांनी नुसते अंगठे टाकू नयेत.